जुन्या फोर-व्हील जीपचा पुढचा एक्सल: आधी ओळखा, मग उघडा

विदर्भात जुनी फोर-व्हील जीप अजूनही कामाची गाडी आहे. काटोल-नरखेडच्या बागेतून संत्र्याचे कॅरेट डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे असोत, भंडारा-गोंदियाकडे बांध्यांमधल्या वाटेनं धानाची पोती न्यायची असोत किंवा झड लागलेली असताना पांदणीतून आजारी माणसाला बाहेर काढायचं असो, काळ्या मातीत नुसत्या मागच्या दोन चाकांचा जोर पुरत नाही. म्हणून गावोगावची तरुण पोरं जुन्या महिंद्रा जीपा आणि जंगल सफारीतून निघालेल्या जिप्सी शोधून घेतात. घेताना इंजिन ऐकतात, बॉडी ठोकून पाहतात, कागद वाचतात. पुढच्या एक्सलखाली मात्र फारसं कोणी वाकत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात खर्च तिथून सुरू होतो.

पुढून आवाज आला की "क्राऊन-पिनियन गेलं" (म्हणजे इंजिनचा फेर चाकांकडे वळवणारी दात्यांची जोडी गेली) हे निदान आपल्याकडे फार घाईनं होतं. माझ्या पाहण्यात खरा दोष बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधीच्या जागी असतो: व्हील बेअरिंग, किंगपिनचे (चाक ज्या खुंट्यांवर डावी-उजवीकडे वळतं त्यांचे) बेअरिंग, एक्सलच्या टोकावरच्या गोळ्याचा सील, किंवा हाऊसिंगमध्ये, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या नळीत, शिरलेलं नाल्याचं पाणी. ही कामं धीर असलेला नवखा माणूस अंगणात करू शकतो. क्राऊन-पिनियनचं काम मात्र त्यानं स्वतः करू नये. हा लेख या दोन्हींमधली सीमा कुठे आहे ते सांगण्यासाठी आहे.

एक्सल कोणता, ते आधी पाहा

गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना उटी लावा आणि पुढून खाली पाहा. दोन चाकांच्या मध्ये एकच आडवी लोखंडी नळी आणि तिच्यात एका बाजूला सरकलेला फुगीर भाग दिसला तर तो सलग हाऊसिंगचा एक्सल. फुगीर भागात डिफरन्शियल असतं, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी दात्यांची रचना. फुगीर भाग नाही, नुसता भरीव आडवा बीम आहे, तर गाडी टू-व्हील ड्राइव्ह आहे, मागे स्टिकर काहीही असो. आणि मधला डबा चेसिसला बसवलेला, त्यातून दोन्ही बाजूंना घड्या असलेल्या रबरी बुटांचे शाफ्ट निघालेले दिसले, तर ते स्वतंत्र सस्पेन्शन आहे. बऱ्याच नव्या फोर बाय फोर पिकअपला तेच असतं. त्या गाड्यांना पुढची कृती लागू पडत नाही.

सलग हाऊसिंगचा एक्सल असला तरी आत सगळं आहे असं धरू नका. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरकडून एक्सलला फेर आणणारा लांब दांडा) जागेवर आहे का पाहा. हबची टोपी काढून मधोमध शाफ्टचं दातेरी टोक दिसतं का पाहा. डिझेल वाचवायच्या नावाखाली आतले शाफ्ट किंवा प्रॉपेलरच काढून ठेवलेल्या जीपा आपल्याकडे बऱ्याच फिरतात. गिअरजवळचा फोर-व्हीलचा दांडा हलतो, पण पुढे काहीच पोचत नाही. उलटंही होतं: मुळात टू-व्हील असलेल्या गाडीला कुणीतरी भंगारातला फोर-व्हील एक्सल चढवलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा फेरबदल परस्पर करता येत नाही, आरसीवर त्याची नोंद लागते. घेण्याआधी कागद आणि लोखंड एकमेकांशी जुळवून पाहा.

आता चाकाच्या आतल्या बाजूला बॅटरी मारा. जुन्या जीपला आणि जिप्सीलाही हाऊसिंगच्या टोकाला गुळगुळीत लोखंडी गोळा असतो. स्टिअरिंग फिरवलं की त्या गोळ्यावरून एक कवच सरकतं. ते कवच म्हणजे नकल. ही बंद नकलची रचना. गोळ्याऐवजी उघडा क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा सांधा) डोळ्यांना दिसत असेल तर ती उघडी नकल. बंद नकलमध्ये चाकाकडे जाणारा जॉइंट गोळ्याच्या पोटात, तेलात किंवा ग्रीसमध्ये असतो. म्हणून चिखलात ती चांगली टिकते, पण एकदा सील गेला की आतल्या बिघाडाचा पत्ताच लागत नाही.

जीप आणि जिप्सी यांच्यातला फरक हाऊसिंगच्या मागल्या-पुढल्या अंगावरून कळतो. विलीज या मूळ अमेरिकी जीपच्या घराण्यातून आलेल्या महिंद्रा जीपला डिफरन्शियलवर बोल्टांनी बसवलेलं पातळ झाकण असतं. स्पायसर कंपनीच्या एक्सलच्या या प्रकारात त्या झाकणाला १० बोल्ट असतात. झाकण काढलं की क्राऊन समोर दिसतो. जिप्सीला असं झाकण नाही. तिथे शाफ्ट ओढून घेतल्यावर क्राऊन-पिनियनचा पूर्ण संचच प्रॉपेलरच्या बाजूनं बाहेर येतो. आतल्या जॉइंटमध्येही फरक आहे. जिप्सीत गोट्यांचा जॉइंट असतो. जीपमध्ये बहुधा क्रॉस सापडतो, काही जुन्या गाड्यांत गोट्यांचाही. सामान आणायच्या आधी आपल्यात काय आहे ते उघडून पाहिलेलं बरं, कारण शाफ्टची लांबी आणि दाते वेगळे निघतात. लष्कराच्या लिलावातून आलेली जोंगा असेल तर तिचा एक्सल निसान पेट्रोलच्या घराण्यातला. ती जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९९९ पर्यंत बनत होती, आणि तिला जीपचं सामान बसत नाही.

रेशो मोजायची सोपी रीत

पुढच्या आणि मागच्या एक्सलचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलरचे किती फेरे होतात तो आकडा, सारखा असायलाच हवा. भंगारातून एक्सल बदललेल्या गाडीत तो वेगळा निघाला, तर फोर-व्हील लावताच पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. गाडी जड चालते, दांडा अडकतो आणि शेवटी क्रॉस तुटतो. त्यामुळे सामानाचा एक रुपया खर्च करायच्या आधी हे मोजा.

गाडी टू-व्हीलमध्ये घ्या. हबला फ्री-व्हीलचं लॉक (चाक शाफ्टपासून सोडवायची-जोडायची सोय) असेल तर दोन्हीकडे ते लावून ठेवा. पुढचं एकच चाक जॅकनं उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. प्रॉपेलर शाफ्टवर आणि उचललेल्या चाकावर खडूची रेघ मारा. आता चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर किती फिरला ते मोजा. एक चाक थांबलेलं असलं की डिफरन्शियलचा पिंजरा चाकाच्या निम्म्यानं फिरतो, म्हणून दोन फेरे. प्रॉपेलर ५ फेरे पूर्ण करून आणखी तिसऱ्या हिश्शाच्या थोडा पुढे गेला, तर रेशो ५.३८. म्हणजे पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दाते. ५ ला किंचित कमी पडला तर ४.८८, म्हणजे ८ आणि ३९. सव्वाचार झाले तर ४.२७, म्हणजे ११ आणि ४७. मागच्या एक्सललाही तसंच मोजा, फक्त गिअर न्यूट्रलला ठेवा, हॅन्डब्रेक सोडा आणि पुढच्या चाकांना उटी लावा.

झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची बारीक पट्टी असते, तिच्यावर दात्यांची संख्या ठोकलेली असते. बहुतेक गाड्यांत ती केव्हाच हरवलेली असते. असली तरी नुसत्या पट्टीवर विसंबू नका. आतलं सामान बदललेलं असू शकतं, पट्टी मात्र जुनीच राहते.

आवाज कुठला, ते आवाजालाच विचारा

"भाऊ, गाडी वयनावर कटकट करून राहिली" असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो: फोर-व्हील लावून की न लावता? वळणावर, फोर-व्हीलमध्ये, जोर देताना कटकट आली तर गोळ्याच्या पोटातला जॉइंट झिजलाय. न लावताही घरघर येत असेल, वेगाबरोबर वाढत असेल आणि गाडी डावी-उजवीकडे झुकवली की बदलत असेल, तर व्हील बेअरिंग. रेस देताना एक सूर आणि रेस सोडताना दुसरा सूर लागला, तर मग क्राऊन-पिनियनचा संशय घ्या, त्याआधी नाही. पुढे-मागे गिअर टाकताना एकच ठणका बसत असेल तर प्रॉपेलरचे क्रॉस हातानं हलवून पाहा. ते बाहेरूनच कळतात आणि स्वस्तात बदलतात.

सगळ्यात भीतीदायक दोष वेगळाच आहे. खड्डा लागल्यावर, चाळीस-पन्नासच्या वेगात, पुढची चाकं थडथड हलायला लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते शांत होत नाही. लोक चाकांचं बॅलन्सिंग करतात, टायर बदलतात, स्टिअरिंगवर डँपर बसवतात. मूळ दोष पुष्कळदा किंगपिनमध्ये आणि टायरॉडच्या (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकांमध्ये असतो.

तपासणी अशी. चाक जमिनीपासून दोन बोटं उचला. वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा. मग चाक नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. इथला खेळ टायरॉड एंडचा. खाली बसलेल्या माणसानं नकलवर आणि टायरॉडवर हात ठेवला तर कुठला तुकडा हलतो आणि कुठला स्थिर आहे ते बोटांना लगेच कळतं.

उघडण्याची तयारी

हे काम वैशाखात, मृग लागायच्या आत करा. चिखल वाळून झडलेला असतो, आणि सामान नागपूरहून यायला वेळ लागला तरी पेरणी अडत नाही.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नका, चाकही काढू नका. हे मी कितीही वेळा सांगेन. हाऊसिंगच्या दोन्ही टोकांखाली, पाट्यांच्या आतल्या बाजूला, लोखंडी घोडी लावा. घोडी नसेल तर लाकडी ओंडक्यांची चौकट रचा. विटा नकोत. वीट भाराखाली अचानक फुटते. काळी माती वरून टणक दिसली तरी घोडीचा पाय तिच्यात रुततो, म्हणून खाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट हवी. जुन्या ब्रेक लायनिंगच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती फुंकून किंवा हवा मारून काढू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

हत्यारांत खास लागतो तो हबच्या मोठ्या नटाचा पाना. विलीज घराण्याच्या जीपला तो साधारण ५२ मिमीचा. छिन्नी-हातोड्यानं हा नट ठोकत फिरवायची वाईट सवय सगळीकडे आहे. त्यानं नटाचे कोपरे जातात आणि बेअरिंगची सेटिंग कधीच नीट बसत नाही. पाइपला नट वेल्ड करून कोणताही वेल्डर पाना बनवून देतो. याशिवाय पितळेचा पंच, सर्कलिप पकड, वजनाचा हुकवाला ताणकाटा, डिझेलचं घमेलं आणि भरपूर चिंध्या. काढलेल्या शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) ठेवायला चार वेगळ्या डब्या घ्या आणि प्रत्येकीवर "डावी वर", "डावी खाली" असं लिहून ठेवा.

चाकापासून नकलपर्यंत

चाक काढा. हबची टोपी, शाफ्टच्या टोकावरची सर्कलिप आणि मग ड्राइव्ह फ्लँजचे बोल्ट काढा. फ्लँज ओढून घ्या. आत बाहेरचा नट, वाकवलेली लॉकपत्ती आणि आतला नट दिसेल. ते निघाले की हब आणि ड्रम एकत्र बाहेर येतात. ड्रम अडकला तर ब्रेकची सेटिंग सैल करा, हातोडा मारू नका. बाहेरचा बेअरिंग हबसोबत खाली पडू शकतो, हाताचा तळवा खाली धरून ठेवा.

पुढे ब्रेकची बॅकप्लेट. तिचे बोल्ट काढून ती तारेनं पाट्याला टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. स्पिंडल (हब ज्यावर फिरतो ती पोकळ खुंटी) हलक्या हातानं ठोकून सोडवा. त्यामागून पूर्ण शाफ्ट जॉइंटसकट सरळ ओढा. तो बाहेर येताना आतल्या सीलच्या ओठावर घासू नये म्हणून वजन हातावर तोलून धरा.

इथे थांबून पाहा. बाहेर आलेलं ग्रीस बोटांत घ्या. कोरडं, लालसर आणि खरखरीत असेल तर आत पाणी राहून गंज धरलाय. पातळ, काळं, तेलकट असेल तर डिफरन्शियलचं तेल आतला सील ओलांडून नकलमध्ये येतंय. गोळ्याभोवती गळणारं तेल पाहून लोक फक्त बाहेरचा मोठा सील बदलतात आणि महिन्याभरात पुन्हा गळती लागते, त्याचं कारण हेच. काही एक्सलला हा आतला सील गोळ्याच्या तोंडाशी असतो, तो इथेच बदलता येतो. काहींना डिफरन्शियलजवळ, खोल नळीत असतो. तसा असेल तर डिफरन्शियल काढावंच लागतं, आणि ते काम मिस्त्रीकडे.

किंगपिन: खरं दुखणं इथे

टायरॉडचं टोक सोडा. गोळ्यामागची सीलची दोन अर्धगोल पत्रं काढा. नकलच्या वर आणि खाली एकेक टोपी असते, प्रत्येकीखाली पातळ शिम. त्या काढताना मोजा आणि डबीत टाका. आता नकल गोळ्यावरून सुटते आणि वरचा-खालचा टेपर बेअरिंग हातात येतो. जुन्या विलीज घराण्याच्या एक्सलला किंगपिनचा बेअरिंग ११५९० आणि त्याची रेस (रोलर जिच्यावर फिरतात ती बाहेरची कडी) ११५२०, तर व्हील बेअरिंग १८५९० आणि रेस १८५२०, आतला-बाहेरचा दोन्ही सारखेच. तरीही दुकानात जाताना जुना बेअरिंग सोबत न्या. नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो.

रेस डिझेलनं धुऊन उन्हात धरा आणि नखानं तपासा. बेअरिंग संपूर्ण फिरत नाही, स्टिअरिंगबरोबर थोडाच डावी-उजवीकडे सरकतो. वर्षानुवर्षं गाडी सरळ चालते तेव्हा प्रत्येक रोलर रेसच्या एकाच जागी बसलेला असतो आणि खड्ड्यांचा प्रत्येक दणका तिथेच पडतो. म्हणून रेसवर समान अंतरानं बारीक आडव्या खाचा उठतात. डोळ्यांना त्या फिकट रेघा वाटतात, नखाला मात्र स्पष्ट अडतात. गाडी सरळ जाताना स्टिअरिंग मधोमध किंचित अडकतं आणि थोडं वळवलं की मोकळं होतं, ते या खाचांमुळे. अशा रेसवर कितीही शिम काढल्या तरी उपयोग नाही. घट्ट केलं तरी स्टिअरिंग सगळीकडे सारखं फिरत नाही. रेस आणि बेअरिंग दोन्ही बदला, आणि वरचा-खालचा जोडीनं.

जुनी रेस पितळेच्या पंचानं आडव्या-उभ्या चार जागी थोडं थोडं ठोकत काढा. नवी बसवताना तिरपी जाऊ देऊ नका. शेवटी ती तळाला टेकली की हातोडीचा आवाज बदलतो, बद्द लागणारा आवाज टणक होतो. तो ऐकू आल्याशिवाय थांबू नका.

मग गोळा. काळी माती सीलभोवती वाळली की दगडासारखी घट्ट होते आणि प्रत्येक वळणाला गोळ्याच्या पृष्ठभागावर घासते. बारीक ओरखडे पॉलिश पेपरनं निघतात. गंजाचे खड्डे पडले असतील तर मेटल इपॉक्सी भरून, पूर्ण वाळल्यावर घासून गुळगुळीत करा. बोट फिरवल्यावर काठ लागता कामा नये, नाहीतर नवा सील पहिल्याच पावसात फाटेल.

आता शिमची सेटिंग. या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते तीही हीच. नकल ग्रीस भरलेल्या बेअरिंगवर बसवा. मोठा सील अजून लावू नका, शाफ्टही बाहेरच ठेवा, टायरॉड सुटलेलाच असू द्या. टोप्या आवळा. नकलच्या हातात टायरॉड बसतो त्या भोकात ताणकाट्याचा हुक अडकवा आणि काटकोनात सावकाश ओढा. नकल फिरायला लागते तेव्हा विलीज घराण्याच्या एक्सलला काटा साधारण १.८ ते २.७ किलो दाखवायला हवा. कमी दाखवला तर शिम काढा, जास्त दाखवला तर घाला. शिम ३, ५, १० आणि ३० थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मिळतात. वरची आणि खालची जाडी शक्यतो सारखी ठेवा. एका बाजूच्याच सगळ्या काढल्या तर नकल वर किंवा खाली सरकते आणि शाफ्ट गोळ्याच्या मध्यावर राहत नाही. जिप्सीचा आकडा यापेक्षा कमी असतो, तिला जीपचा ओढा लावू नका.

सील नसताना, काट्यानं मोजलेला हा थोडासा ताणच खड्ड्यानंतरची थडथड थांबवतो. हातानं हलवून "आता बरं वाटतं" म्हणणं पुरेसं नाही.

पुन्हा बांधताना

शाफ्टचा जॉइंट धुऊन पाहा. क्रॉसच्या कपातले सुईरोलर लालसर झाले असतील किंवा क्रॉसच्या बोटांवर रोलरचे ठसे उठले असतील तर क्रॉस बदला. गोट्यांच्या जॉइंटमध्ये गोट्या ज्या खाचेत फिरतात तिथे खड्डे दिसले तर पूर्ण जॉइंट. निव्वळ गोट्या बदलून उपयोग होत नाही.

जुनं ग्रीस पूर्ण धुतल्याशिवाय नवं भरू नका. वेगवेगळ्या साबणाची ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहतात, आणि मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत हे फार लवकर होतं. व्हील बेअरिंगला चांगलं लिथियम ग्रीस वापरा. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगचा रुंद काठ त्यात दाबत राहा, रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. वरून लिंपलेलं ग्रीस आत जात नाही.

हब चढवल्यावर आतला नट आवळताना दुसऱ्या हातानं चाक फिरवत राहा. चाक जड झालं की नट एक षष्ठांश फेरा मागे घ्या. नट षट्कोनी असल्यानं हे मोजायला सोपं, बरोबर एक बाजू. मग लॉकपत्ती, बाहेरचा नट, आणि पत्तीचा काठ नटाच्या सपाट बाजूवर वाकवा. जुनी पत्ती पुन्हा वाकवली तर तुटते, नवी घ्या. शेवटी चाक वर-खाली हलवून पाहा: खेळ नको, पण चाक बोटानं फिरायला हवं.

पाणी आणि तेल

नाला ओलांडताना काय होतं ते समजून घ्या. रस्त्यावर चालून हाऊसिंग तापलेलं असतं. थंड पाण्यात उतरताच आतली हवा आकसते आणि बाहेरचं काहीतरी आत ओढते. हाऊसिंगच्या वरच्या बाजूचा ब्रीदर मोकळा असेल तर तो हवा घेतो. चिखलानं बुजला असेल तर सीलच्या ओठातून पाणी शिरतं. म्हणून ब्रीदर काढून स्वच्छ करा, आणि जमलं तर त्याला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच न्या. खर्च नगण्य, आणि अख्खा पावसाळा सुरक्षित.

पोळ्यानंतर, नाले उतरल्यावर, डिफरन्शियलचं तेल एकदा काढून पाहाच. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. ते तेल टाका, थोडं स्वस्त गिअर तेल भरून गाडी दोन-चार किलोमीटर चालवा, तेही काढा, आणि मग ९० नंबरचं चांगलं हायपॉइड तेल फिलर प्लगच्या काठापर्यंत भरा. डिझेलनं धुऊन तसंच सोडू नका, बेअरिंगवरचा तेलाचा थर निघून जातो. पुढचा एक्सल वर्षातले बरेच महिने भाराशिवाय फिरतो, म्हणून त्याच्या तेलाकडे कुणी पाहत नाही. पाणी शिरलेलं हाऊसिंग दिवाळीपर्यंत तसंच राहिलं तर बेअरिंग आतून गंजतात, आणि मग खरोखरच क्राऊन-पिनियनचा खर्च येतो.

झाकण काढलंत तर तळाचा गाळ पाहा. करडा, मऊ लगदा ही नेहमीची झीज आहे. चमकणारे पापुद्रे किंवा दात्याचा तुकडा सापडला तर गाडी तिथेच थांबवा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं तयार केलेले असतात, त्यांच्यावर जोडीचा नंबर असतो. एक जुना आणि एक नवा चालत नाही. त्यांची खोली आणि खेळ शिमनं थाऊ-थाऊ करत जुळवतात. दात्यांना रंग लावून फिरवतात आणि ठसा दात्याच्या मधोमध उमटतो का ते पाहतात. डायल गेज नसलेल्या, ठसा न घेणाऱ्या मिस्त्रीला हे काम देऊ नका. तो कितीही ओळखीचा असला तरी डायल गेज दाखवायला सांगायचा संकोच करू नका. पैसे तुमचे आहेत आणि गाडीत तुमची माणसं बसणार आहेत.

रस्त्यावर काढण्याआधी

टायरॉड जोडल्यावर टो-इन, म्हणजे दोन्ही चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते, पाहा. दोन्ही टायरच्या मधोमध खडूची रेघ मारा, हबच्या उंचीवर पुढचं अंतर मोजा, गाडी अर्धा फेरा ढकला आणि त्याच रेघा मागे आल्यावर पुन्हा मोजा. विलीज घराण्याच्या जीपला पुढचं माप मागच्यापेक्षा साधारण १ ते २.५ मिमी कमी असावं. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर नकलचा स्टॉप-बोल्ट टेकतो का तेही बघा. तो हरवला असेल तर क्रॉस त्याच्या मर्यादेपलीकडे वळतो, आणि चिखलात पूर्ण वळण देऊन रेस मारली की तुटतो.

पहिली चाचणी शेतात किंवा कच्च्या रस्त्यावर घ्या. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावू नका. या गाड्यांत पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं जास्त फिरू पाहतात, मातीत ती घसरून मोकळी होतात, डांबरावर तो सगळा पीळ शाफ्टवर येतो. पाच-सहा किलोमीटर चालवून थांबा आणि दोन्ही हबना तळहात लावा. कोमट चालेल. एक हब हात ठेववत नाही इतका तापला आणि दुसरा थंड असेल, तर तापलेल्या बाजूचा ब्रेक धरतोय का ते चाक उचलून फिरवून पाहा. ब्रेक मोकळा असेल तर तिकडचा नट जास्त आवळला गेलाय, तो पुन्हा सेट करा. शे-दोनशे किलोमीटर झाले की ड्राइव्ह फ्लँजचे, किंगपिनच्या टोप्यांचे आणि पाट्यांच्या यू-क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, आणि कुठली शिम कुठे किती घातली, बेअरिंगचे नंबर काय, रेशो किती, हे सगळं एका वहीत लिहून वही गाडीतच ठेवा.